जुनी मराठी फाईल उघडली की भलतंच दिसतं? फॉन्ट बदलण्याआधी एवढं तपासा

पतसंस्थेचं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं इतिवृत्त, सोसायटीचे जुने ठराव, आजोबांच्या लेखांची फाईल, परदेशातल्या एखाद्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर. फाईल उघडते, पानं मोजून बरोबर असतात, पण आत मराठी नसते. हे दुखणं माझ्याकडे सतत येतं. घेऊन येणाऱ्याने बहुतेक वेळा दोन गोष्टी आधीच केलेल्या असतात: सगळा मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट 'मंगल' (विंडोजमधला युनिकोड देवनागरी फॉन्ट) केलेला असतो, आणि वर फाईल सेव्ह केलेली असते. पहिलीने काही सुधारत नाही. दोन्ही मिळून मात्र काम अवघड होतं, ते का हे पुढे येईलच.

तेव्हा आधी मूळ फाईलची प्रत काढा, मूळ फाईल रीड-ओन्ली करून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि पुढचं सगळं प्रतीवर करा. फाईल ईमेलने आली असेल तर तो ईमेल डिलीट करू नका.

लक्षणं

वरवर सगळं सारखंच दिसतं, पण हे पाच निरनिराळे बिघाड आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. स्क्रीनकडे नीट बघा.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, मधेच अर्धविराम, कंस, डॉलर असं काहीतरी दिसतंय आणि शब्दांच्या लांब्या मात्र मराठीसारख्या आहेत: मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं जगभरचं मानक). सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', त्याला चिकटून चार काटे फुटलेलं गोल चिन्ह, आणि ही जोडी ओळभर पुन्हा पुन्हा: मजकूर युनिकोडच आहे, प्रोग्रॅम तो चुकीच्या तक्त्याने, म्हणजे कुठला क्रमांक कुठलं अक्षर याच्या चुकीच्या यादीने, वाचतोय.

रिकामे चौकोन: मजकूर शाबूत आहे, दाखवायला फॉन्ट नाही.

अक्षरं मराठीच आहेत, पण वेलांटी भलत्याच अक्षरावर, रफार सुटलेला, मधे मधे ठिपक्यांचं वर्तुळ: कुणीतरी आधी अर्धवट रूपांतर केलंय, किंवा मजकूर पीडीएफमधून कॉपी केलाय.

नुसती प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी: ही वाईट बातमी. खाली स्वतंत्र सांगतो.

१. दुसरीकडे उघडून बघा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. तीच फाईल फोनवर आणि लिबरऑफिसमध्ये उघडा. लिबरऑफिस म्हणजे वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कुठेही नीट दिसली तर फाईल निरोगी आहे, दुखणं तुमच्या संगणकाचं आहे. सगळीकडे सारखीच बिघडलेली दिसली तर पुढे चला.

चौकोनांचा प्रश्न बहुधा इथेच संपतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, यातला कुठलाही एक टाका. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर बिनदिक्कत टाकता येतात. हल्ली चौकोन दिसले तर संगणक फार जुना असतो, किंवा एखादं छपाईचं सॉफ्टवेअर आपलाच फॉन्ट धरून बसलेलं असतं.

२. फॉन्टचं नाव वाचा आणि लिहून ठेवा

बिघडलेल्या ओळीत कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव बघा. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला तरी नाव दिसतं. लिबरऑफिस ते तिरप्या अक्षरांत दाखवतं. श्री-देव आणि पुढे चार आकडे, डीव्हीबी-टीटी सुरेख, शिवाजी, आकृती, कृतिदेव यांपैकी काही दिसलं तर निदान पक्कं. आकड्यासकट आख्खं नाव टिपा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचे तक्तेही वेगळे असू शकतात, आणि रूपांतर करणारं साधन तुम्हाला पहिल्यांदा हेच नाव विचारेल.

हे नाव इतकं महत्त्वाचं का, ते कळायला या फॉन्टांची रचना बघावी लागते. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ घरं असायची आणि ती मुळात इंग्रजीसाठी. बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धी अक्षरं, काना, वेलांटी, रफार. कृतिदेव मुळात हिंदीवाल्यांचा, पण आपल्याकडेही दिसतो. त्याचंच उदाहरण घेऊ. त्यात 'भारत' हा शब्द मोठा एच, के, के, जे, आर असा साठवलेला असतो. मोठा एच म्हणजे अर्धा भ. पहिल्या 'के'ने त्याचा दंड पुरा होऊन भ झाला, दुसरा 'के' म्हणजे त्यापुढचा काना. जे म्हणजे र, आर म्हणजे त. संगणकाच्या लेखी ही पाच इंग्रजी अक्षरंच आहेत. ती मराठी आहेत हे सांगणारी फाईलमधली एकमेव खूण म्हणजे त्यांना लावलेलं फॉन्टचं नाव. तुम्ही सगळ्याला 'मंगल' लावून सेव्ह केलं की ती खूण पुसली जाते. मग मजकुरातली खरी इंग्रजी नावं, पत्ते, मोबाईल नंबर कुठले आणि मराठी कुठलं, हे डोळ्यांनी निवडत बसावं लागतं.

प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले, म्हणून एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही. सामाईक मानक नव्हतं असं नाही. भारतीय मानक ब्युरोचं इस्की (भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) १९९१ सालचं आहे, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा आहे आणि त्याची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. पण छपाईच्या बाजारात फॉन्ट विकले जात होते आणि सुंदर वळणाला गिऱ्हाईक होतं. अक्षर आत कुठल्या क्रमांकाने साठवलंय हे कुणी विचारत नव्हतं. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं ते २००९ साली. तोवर कपाटंच्या कपाटं भरली होती.

३. काटेरी गोल दिसत असेल तर

हा प्रकार सदस्यांच्या याद्यांमध्ये हटकून येतो. कुणीतरी ऑनलाइन फॉर्ममधून सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी यादी) उतरवतो, डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडतो आणि नावांचं वाटोळं झालेलं बघतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतात. प्रोग्रॅमने ते तीन बाइट जुन्या पश्चिमी तक्त्याने वाचले की एका 'म'ची तीन चिन्हं होतात: तो रेघवाला 'ए', तो काटेरी गोल आणि तिसरं नोंदणीकृत व्यापारचिन्ह. 'र'ला तिसरं चिन्ह तापमानाच्या अंशाचं येतं.

उपाय सोपा आहे. फाईल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. उघडताना एक चौकट येते, तिच्यात कॅरॅक्टर सेटसमोर युनिकोड यूटीएफ-८ निवडा. खालच्या नमुन्यात नावं लगेच नीट दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर ओके दाबू नका. साधी टेक्स्ट फाईल असेल तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून एन्कोडिंग मेन्यूत यूटीएफ-८ निवडा. त्याच मेन्यूत 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' असाही पर्याय आहे, तो आत्ता नको. पहिला पर्याय वाचायचा तक्ता बदलतो, दुसरा आतले बाइटच बदलतो.

कुणी ही बिघडलेली नावं तशीच सेव्ह करून पुढे पाठवली असतील तर गुंता वाढतो. एफटीएफवाय नावाचं पायथनमधलं मुक्त साधन असे दुहेरी बिघाड बऱ्यापैकी उलटवतं, पण सगळं परत येईलच असं नाही. पाय मोडण्याचं चिन्ह, ऱ्हस्व उकार, देवनागरी 'ए' आणि 'झ' यांच्या तिसऱ्या बाइटला त्या पश्चिमी तक्त्यात जागाच नाही. कॉपी-पेस्टच्या फेऱ्यांत आधी हेच गळतात आणि 'पुष्पा'ची 'पषपा' होते. अशा वेळी दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ सीएसव्ही पुन्हा उतरवून घेणं कधीही स्वस्त.

४. नुसती प्रश्नचिन्हं

सिलेक्ट करून बघा, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर मजकूर गेला. विंडोजचं जुनं नोटपॅड फाईल आपणहून एएनएसआय या जुन्या पश्चिमी तक्त्याच्या पद्धतीने सेव्ह करायला बघायचं. २०१९च्या विंडोज १० आवृत्तीपासून ते यूटीएफ-८वर आलं. एएनएसआयमध्ये देवनागरीला जागा नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. त्यामागे काही दडलेलं नसतं. कुठलंही साधन, कितीही पैसे घेणारा माणूस ते परत आणू शकत नाही. जुना ईमेल, दुसऱ्याकडची प्रत, छापील कागद शोधायला लागा. कागद सापडला तर सातव्या तपासणीकडे जा.

५. मूळ फॉन्ट मिळतो का बघा

दुसऱ्या तपासणीत जुन्या फॉन्टचं नाव निघालं असेल तर रूपांतराच्या आधी हे करा. ज्या ऑफिसात फाईल तयार झाली तिथल्या एखाद्या संगणकावर परवान्यासकट तो फॉन्ट असतो. तिथे फाईल उघडा आणि पीडीएफ काढून आणा. वाचण्यापुरती किंवा छापण्यापुरतीच गरज असेल तर काम इथेच संपलं. रूपांतर करायचं असेल तरी ही पीडीएफ हवीच, कारण नंतर मुद्रितशोधन करताना बरोबर काय होतं ते फक्त तीच सांगेल. मी तिच्याशिवाय रूपांतराला हात लावत नाही.

इंटरनेटवर 'फुकट' म्हणून मिळणारे चोरीचे फॉन्ट टाकू नका. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्याच नावाखाली निराळ्या आवृत्तीचा तक्ता निघतो आणि चार-दोन जोडाक्षरं गुपचूप बदलतात.

६. रूपांतर

आता खरं काम. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी बरीच मोफत साधनं आहेत. त्यातली कित्येक म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं जावास्क्रिप्टचं एकच पान असतं. पान सेव्ह करा, इंटरनेट बंद करा आणि मग चालवून बघा. बंद असताना चाललं तर तुमचा मजकूर बाहेर जात नाही. आधार क्रमांक, खात्यांचे तपशील, सभासदांचे पत्ते असलेल्या फाईली इंटरनेटशिवाय न चालणाऱ्या साधनात टाकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी चार-पाच ओळीच घालून बघा, आणि त्या ओळी निवडून घ्या: ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षर तिन्ही असलेल्या. जुना फॉन्ट तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'कर्म' जुन्या फाईलमध्ये क, म, रफार असा असतो. युनिकोडमध्ये क, र, पाय मोडणं, म. 'कि'ची वेलांटी जुन्यात क-च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. नुसती अक्षरास अक्षर अदलाबदल करणारं साधन इथे उघडं पडतं आणि ठिपक्यांची वर्तुळं दिसू लागतात. 'व्यक्तिमत्त्व', 'निर्मिती', 'दुसऱ्या' हे तीन शब्द नीट आले तर ते साधन बहुतेक वेळा भरवशाचं निघतं.

मिश्र मजकुरात आख्खी फाईल एकदम घालू नका, इंग्रजी नावांचं भजं होईल. लिबरऑफिसच्या शोध-आणि-बदला चौकटीत फॉरमॅटचं बटण आहे. तिथे फॉन्टचं नाव देऊन फक्त त्या फॉन्टमधला मजकूर शोधता येतो. दहा-वीस पानांसाठी एवढं पुरतं.

फाईली ढिगाने असतील तर आधी सगळ्या जुन्या डॉक फाईली ओडीटीमध्ये सेव्ह करा. लिबरऑफिसला एका आदेशात आख्खा फोल्डर देता येतो. याने मजकूर युनिकोड होत नाही, हे लक्षात असू द्या. मग करायचं कशाला? ओडीटी हे ओपन डॉक्युमेंटचं खुलं मानक आहे, २००६ सालापासून आयएसओचं. ही फाईल म्हणजे एक साधी झिप. उघडलीत की आत मजकूर आणि प्रत्येक तुकड्याच्या फॉन्टचं नाव साध्या लिखित रूपात दिसतं. पायथन येणारा कॉलेजातला मुलगासुद्धा 'या फॉन्टचा तुकडा असेल तर बदल, नाहीतर सोड' असं पानभर लिहून शेकडो फाईली सोडवू शकतो. जुन्या डॉकमध्ये हे सगळं गाठोडं बांधून ठेवलेलं असतं. एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेचं टेककिट हेही रूपांतराचं मुक्त साधन आहे, त्यात तक्ता एकदा लिहिला की कितीही वेळा चालवता येतो.

रूपांतरानंतर वाचन चुकवू नका. लिबरऑफिसला मराठी शुद्धलेखनाचा मुक्त शब्दकोश जोडा. लाल रेघा जिथे दाटीने आल्या तिथे तक्त्यात चूक आहे. एकच चूक बहुधा फाईलभर असते, ती एकदम बदला. दोन खास मराठी खोड्या मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत. 'दुसऱ्या'मधला तो आडवा र दोन प्रकारांनी साठवता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ-चा पाय मोडून, किंवा साध्या र-चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. तसंच 'ॲ' हे युनिकोडमध्ये २००८ पासून एक स्वतंत्र अक्षर आहे, पण कित्येक साधनं अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे ठेवतात. दिसायला सारखंच, शोधायला गेलात की अर्धे शब्द सापडत नाहीत. 'तुमच्या यादीत ॲडव्होकेट नाहीतच' अशी तक्रार येते ती यामुळे. एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच करा.

आकडे वेगळे तपासा. रक्कम, तारीख, गट क्रमांक एकेक करून पीडीएफशी ताडून बघा. शब्दातली चूक वाचणाऱ्याला कळते, आकड्यातली कळत नाही.

७. फक्त पीडीएफ किंवा कागद उरला असेल तर

पीडीएफमध्ये दिसतं छान, कॉपी केलं की चिवडा. प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टांची यादी बघा. पॉपलर या मुक्त संचातलं पीडीएफफॉन्ट्स हे साधन आणखी एक गोष्ट सांगतं: प्रत्येक फॉन्टपुढे युनिकोडचा तक्ता आहे की नाही. नसेल, किंवा यादीत जुन्याच फॉन्टचं नाव असेल, तर कॉपी करण्यात वेळ घालवू नका. पानाचं चित्र समजून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या.

टेसरॅक्ट हे ओसीआरचं मुक्त इंजिन. एचपीमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालं, २००५ साली खुलं झालं, आणि चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी बरीच सुधारली. मराठीचा डेटा वेगळा टाकावा लागतो. हिंदीच्या डेटावर चालवलंत तर 'ळ' आणि 'ऱ्य' हमखास मार खातात. आदेश लिहायचे नसतील तर जीइमेजरीडर घ्या, त्यात माऊसने काम होतं. पान ३०० डीपीआयला स्कॅन करा, सरळ धरा. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो दिलात तर भ-म, घ-ध, ब-व यांची अदलाबदल निस्तरत बसाल. अनुस्वार गळणं तर ठरलेलंच. चांगल्या छपाईच्या पानाला ओसीआर टायपिंगपेक्षा स्वस्त पडतं. सायक्लोस्टाइल किंवा पुसट झेरॉक्स असेल तर सरळ टाइप करून घ्या.

कुठे थांबायचं

खरेदीखत, मृत्युपत्र, नोंदणीकृत उपविधी, कोर्टात दाखल झालेला कागद: रूपांतरित मजकूर संदर्भापुरता ठेवा, कामासाठी सहीचा मूळ कागद किंवा संबंधित कार्यालयाची प्रमाणित प्रत घ्या. यात प्रश्न वकिलाचा आहे, फॉन्टचा नव्हे.

हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल, किंवा डिस्कवर वा पेन ड्राइव्हवर फाईल कधी दिसते कधी नाही, तर ती लगेच काढून ठेवा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे न्या. दरवेळी चालू करून बघण्याने उरलंसुरलं जातं.

डॉसच्या काळातला हिशेब किंवा सभासदांची यादी, जिस्ट कार्ड (डॉसवर भारतीय लिप्या चालवणारं कार्ड) लावलेल्या संगणकावर भरलेली: हे निराळं प्रकरण आहे. तो मजकूर इस्कीत असेल तर आयसीयू या मुक्त संचातलं यूकॉन्व्ह तो वाचू शकतं, पण तो डेटाबेसच्या पोटातून बाहेर काढणं हे प्रोग्रॅमरचं काम.

पेजमेकर, क्वार्क, कोरल ड्रॉच्या फाईली लिबरऑफिस ड्रॉ बऱ्याच वेळा उघडतं, आणि मजकूर उपसायला तेवढं पुरतं. पण पुस्तक आहे तसं पुन्हा छापायचं असेल तर डीटीपीवाल्याकडे जा. जाताना तीन गोष्टी न्या: हात न लावलेली मूळ फाईल, टिपून ठेवलेलं फॉन्टचं पूर्ण नाव, आणि बरोबर छापलेलं एक तरी पान. भाव ठरवताना मुद्रितशोधन धरलंय का, आणि परत मिळणारी फाईल युनिकोडमधली, संपादन करता येईल अशी असेल का, हे आधीच विचारून घ्या. बरेचजण नुसती पीडीएफ देतात.